एका दिवसाचा ट्रेक निवडायचा कसा? डोंगर, धरण आणि समुद्र यांची तीन घड्याळं

या आठवड्याच्या भागाची ही लिखित आवृत्ती. लोकलमध्ये उभ्याने ऐकताना गावांची नावं निसटतात, तास आणि मीटर लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं नीट मांडून ठेवलंय. बोलण्यातलं "अं", "म्हणजे कसं आहे ना" तेवढं गाळलंय.

आजचा विषय साधा वाटतो. शनिवारी रात्री दहा वाजता ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्या कुठे?" पाच मिनिटांत सात नावं येतात. कळसूबाई, हरिहर, तिकोना, अंधारबन, कुलाबा किल्ला, रतनगड, आणि कोणीतरी हमखास "लोहगडच करू यार". मग ज्याचा फोटो सगळ्यात भारी, ते ठरतं. पुण्या-मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांचं नशीब असं, की दोन-तीन तासांच्या टप्प्यात सह्याद्रीचे कडे आहेत, धरणांचे जलाशय आहेत आणि कोकणाचा किनाराही आहे. पण तिन्हीकडे जायचे नियम सारखे नाहीत. मी ट्रेक निवडते तेव्हा एकच प्रश्न आधी विचारते: आपण किती वाजता परत फिरायचं, हे इथे कोण ठरवतं? डोंगरात ते सूर्य ठरवतो, पाण्याजवळ पाऊस ठरवतो आणि किनाऱ्यावर भरती ठरवते. या तीन घड्याळांपैकी कुठलं आपल्याला लागू आहे ते कळलं, की सातातली चार नावं आपोआप गळतात.

## आधी हिशोब, मग किल्ला

बरेच जण विचारतात, "ट्रेक सोपा आहे का?" त्याला उत्तर नाही. "किती वेळ लागेल?" याला मात्र आहे.

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला. आजच्या मापात तो साधारण असा: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास वाढवा. करून बघू. कळसूबाई, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून एका बाजूने साधारण साडेसहा किलोमीटर चाल आणि नऊशे मीटरच्या आसपास चढ. अंतराचा सव्वा तास, चढाचा दीड तास, म्हणजे झाले पावणेतीन.

पण नाइस्मिथसाहेब तंदुरुस्त माणसाचा हिशोब मांडत होते. आपल्याकडे ऊन आहे, मुरमाचा घसारा आहे, लोखंडी शिड्यांपाशी रांग आहे आणि ग्रुपमध्ये कोणीतरी पहिल्यांदाच आलेलं आहे. म्हणून मी त्यावर एक तृतीयांश वेळ वाढवते. म्हणजे पावणेचार तास चढायला. उतरायला अडीच ते तीन. वर एक तास. एकूण साडेसात तास. हा आकडा डोक्यात असला की "दहाला निघू, चारला खाली" असं कोणी म्हणूच शकत नाही.

एक लक्षात ठेवा, हिशोब नेहमी ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा करायचा. सगळ्यात फिट असतो त्याचा नाही.

## पहिलं घड्याळ: डोंगर आणि सूर्य

डोंगरातल्या ट्रेकचा हिशोब मी उलटा करते, संध्याकाळकडून सकाळकडे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मला अंधाराच्या दीड तास आधी गावात पोचलेलं आवडतं, कारण पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर तेवढीच शिल्लक हाताशी असते.

रतनगड घ्या. पायथ्याला रतनवाडी, अमृतेश्वराचं सुंदर देऊळ, शेजारी भंडारदऱ्याचा जलाशय. वर शिड्या आणि माथ्यावर ते प्रसिद्ध नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक. आता उलटा हिशोब करा. साडेचारला रतनवाडीत यायचं, तर उतरायला अडीच तास धरून दोनला गड सोडायला हवा. वर एक तास, चढायला तीन तास, म्हणजे दहाला चढाई सुरू व्हायलाच हवी. नाश्ता, गाडी लावणं, कोणाचं तरी बाथरूमला जाणं धरलं तर रतनवाडीत नऊला. पुण्याहून गाडीने साडेचार-पाच तास. म्हणजे घरातून पहाटे चारला निघायचं, दिवसभर चालायचं आणि त्याच माणसाने रात्री परत पाच तास गाडी चालवायची.

इथे माझं उत्तर स्पष्ट असतं: पुणेकरांसाठी रतनगड हा एका दिवसाचा ट्रेक नाही. आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम करा, गावात पिठलं-भाकरी खा, सकाळी ताज्या पायांनी चढा. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या वर गेला की मी तो ट्रेक एक दिवसाच्या यादीतून काढते. चढाईत आपण सावध असतो. परतीच्या हायवेवर सगळे झोपलेले असतात आणि ड्रायव्हरही पेंगत असतो.

डोंगराबद्दल दुसरी गोष्ट म्हणजे उंची आणि अवघडपणा यांचा फारसा संबंध नसतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून त्याचा आकार जिन्यासारखा: उभा कातळ, मग पठार, परत उभा कातळ. तुमची वाट पठारावरून जाते की कातळातून, यावर सगळं अवलंबून. हरिहर उंचीने फार मोठा नाही, पण त्याच्या खोदीव पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, शिडी चढल्यासारख्या. वर जायला सगळे उत्साही असतात. उतरताना खाली दरी दिसते तेव्हा काही जणांचे पाय थरथरतात आणि त्या अरुंद पायऱ्यांवर मागून गर्दी उतरत असते.

माझ्या मावशीला, वय अठ्ठावन्न, किल्ला बघायचा होता. घरात सगळे म्हणाले, तिकोना ने, छोटा आहे, तासाभरात वर. मावशीचा प्रश्न वेगळाच: "अगं, चढेन मी हळूहळू. उतरताना धरायला काही आहे का?" तिने बरोबर जागी बोट ठेवलं. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, दुखऱ्या गुडघ्यांना त्या उतरताना जड जातात. लोहगडाला लोहगडवाडीपासून दरवाज्यांतून जाणाऱ्या चांगल्या रुंद पायऱ्या आहेत. अंतर थोडं जास्त, पण पाय टेकायला जागा आहे. आम्ही जानेवारीत, मधल्या वारी, लोहगड केला. मावशी दर वळणावर बसली, पाणी प्यायली आणि चारही दरवाजे निवांत बघून आली. म्हणून विचारताना "उंची किती" याच्यापेक्षा "उतरण कशी आहे" हे विचारा.

## दुसरं घड्याळ: पाणी आणि पाऊस

आपल्याकडचे बहुतेक 'लेक व्ह्यू' म्हणजे धरणांचे जलाशय. पवना धरणाच्या भोवती लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग असे चार किल्ले आहेत. भंडारदऱ्याला प्रवरेवरचं विल्सन धरण आहे, १९२६ सालचं. किल्ल्यावरून खाली पसरलेलं पाणी बघणं हा एका दिवसाच्या ट्रेकमधला सगळ्यात मोठा आनंद, आणि नवशिक्यांसाठी हीच रांग मी आधी सुचवते. लोहगडाला तर गाडीसुद्धा लागत नाही. पुणे–लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरा, भाजे लेणी बघा आणि तिथून दीड-दोन तासांत चालत गडावर. एका तिकिटात लेणी, किल्ला आणि जलाशय.

पण पावसाळ्यात याच भागाचं घड्याळ बदलतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. ते कुठल्या कड्यावर चढत नव्हते. रविवारी सहलीला आले होते.

असं कसं होतं, ते समजून घेणं महत्त्वाचं. आपला बेसाल्ट खडक पाणी पटकन मुरवून घेत नाही. जून-जुलैत वरची माती भिजून भरलेली असते. वर पठारावर सर कोसळली की ते सगळं पाणी घळीत उतरतं. तुम्ही उभे आहात तिथे कदाचित रिमझिमही नसते. आत्ता घोट्याएवढा असलेला ओढा काही मिनिटांत गुडघ्यावर जातो, आणि गुडघाभर वेगाच्या पाण्यात, खाली शेवाळलेला दगड असताना, माणूस उभा राहू शकत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काटक्या-पालापाचोळा यायला लागला किंवा आवाज वाढला, तर वर विचार करत बसायचं नाही. सामान सोडून काठावर उंच जागी जायचं.

म्हणून पावसाळ्यासाठी माझी एकच चाळणी आहे: परत येताना ओढा ओलांडावा लागतो का? लागत असेल, तर तो ट्रेक जून ते सप्टेंबर बाद. जाताना ओढा ओलांडला म्हणून परतताना तो तुम्हाला जाऊ देईलच असं नाही. सांदण दरीसारख्या अरुंद घळी, नाळेच्या वाटा, धबधब्याच्या डोहाशी संपणारे ट्रेक, हे सगळं याच चाळणीत अडकतं. ते ऑक्टोबरनंतर करायचे. पावसाळ्यात पठारावरची रुंद वाट किंवा पायऱ्यांचा किल्ला बरा.

अंधारबनसारख्या ट्रेकला अजून एक गाठ असते. ताम्हिणीजवळच्या पिंपरीपासून सुरू होतो आणि खाली भिऱ्याला संपतो. म्हणजे सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे. अर्ध्यावर कोणाला झेपलं नाही तर? पुढे जाणंही लांब, मागे फिरणंही लांब, आणि गाडी कुठल्या टोकाला आहे ते आधी ठरलेलं हवं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गेलेल्या वाटेनेच परत येता येईल असा ट्रेक निवडावा. कुठूनही मागे वळता येतं.

आणि हो, पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वनखातं काही ठिकाणं बंद करतं. निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांत तेवढं बघायचं. "आपण मागच्या वाटेने जाऊ" असं सुचवणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला गाडीत डब्यांची जबाबदारी द्या, वाट ठरवायची नको.

जलाशयात पोहण्याबद्दल एका वाक्यात: धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो, तळ एकदम खाली जातो, पायाखाली गाळ असतो, म्हणून लाइफ जॅकेट नसेल तर पाणी फक्त बघायचं.

## तिसरं घड्याळ: किनारा आणि भरती

किनाऱ्यावरच्या भटकंतीला लोक ट्रेक मानत नाहीत. पण अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी चालत जाऊन बघण्यासारखा दुसरा अनुभव नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. आत गणपतीचं देऊळ, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर. ओहोटीला वाट उघडते, भरतीला बंद होते. इथे तुम्ही कितीही फिट असा, वेळ समुद्रच देतो.

कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. एकादशीला हिशोब सव्वाआठचा येतो, म्हणजे ओहोटी दुपारी सव्वादोन-अडीचला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारी कोणी दहाला चालत गेलं असेल तर या रविवारी तीच वेळ चालणार नाही. रील बघून गेलेले लोक नेमके इथे फसतात.

यात एक बारकावा आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप खालीही जातं. पण तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी येते, पण ती भांगाची, पाणी तेवढं हटत नाही. म्हणून मधल्या तिथी सोयीच्या. कॅलेंडर बघून रविवार निवडायचा तो असा. हा झाला अंदाज. निघण्याआधी मोबाइलवर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारायचं. ओहोटीच्या वेळेआधी आत जायचं, पाणी वळलं की निघायचं. आत वेळ गेलाच आणि वाट बुडाली, तर घाईने पाण्यात उतरायचं नाही. किल्ल्यात थांबून पुढच्या ओहोटीची वाट बघणं कंटाळवाणं आहे, पण तेच शहाणपण.

भरतीची कटकट नको असेल तर रेवदंड्याजवळचा कोर्लई. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी आणि मध्ये चिंचोळ्या टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला. पायथ्याला दीपगृह. चढ छोटा, पण सावली कमी. कोर्लई गावात आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. किल्ला बघून झाला की गावात थोडं रेंगाळा.

किनाऱ्याला ऊन आणि दमट हवा दोन्ही असतात. मार्च ते मे सकाळी दहापर्यंत चालणं उरकायला हवं. आणि मुंबईकरांनी लक्षात ठेवा, गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात.

## महिन्यांची ढोबळ यादी

जून ते सप्टेंबर: पायऱ्यांचे आणि पठारांचे किल्ले. ओढा, घळ, नाळ नको. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. अरुंद दरवाज्यात गर्दी अडकली की ना वर जाता येत, ना खाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: सुरुवातीला सोनकीची पिवळी पठारं, हवा स्वच्छ. पण ऑक्टोबर हीट हलक्यात घेऊ नका, आणि वाटा गवतात हरवलेल्या असतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी: लांबचे आणि उंच ट्रेक. कळसूबाई, राजगड, पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड. दिवस लहान, म्हणून पहाटे सुरुवात.

मार्च ते मे: छोटा ट्रेक, सूर्योदयाला चढून नऊ-दहाला खाली. किंवा सकाळची ओहोटी बघून किनारा. गडावरची टाकी आटलेली असतात, माणशी तीन-चार लिटर पाणी घरूनच. वाटेत करवंदं-जांभळं मिळाली तर तो बोनस.

## मोबाइलवर काय बघायचं

रील बघताना आधी महिना बघा. हिरवा डोंगर जुलै-ऑगस्टचा असतो, तुम्ही एप्रिलमध्ये निघालाय.

नकाशा आदल्या रात्री डाउनलोड करा. नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालतं, पण बॅटरी थंडीत आणि रेंज शोधण्यात संपते, म्हणून चढताना एअरप्लेन मोड. नकाशावर समोच्च रेषा दिसत असतील तर एवढंच बघा: रेषा दाटीवाटीने आल्या की तिथे उभा चढ.

गावात फोन करा. जेवणाची ऑर्डर देता-देता दोन प्रश्न विचारा: "वाट मोडलीय का?" आणि "ओढ्याला पाणी किती आहे?" गावातल्या माणसाने "नका येऊ" म्हटलं तर ते सगळ्यात खात्रीचं हवामान खातं. कातळाच्या वाटेला किंवा जंगलातल्या वाटेला गावातलाच वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आग्यामोहळ कुठे आहे हे त्यालाच माहीत असतं. तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही बंद.

घरी एका माणसाला तीन गोष्टी कळवा: कुठला गड, कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. अडकलात तर ११२. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवक मंडळी रात्री-अपरात्री लोकांना खाली आणतात. वाट ठाऊक असली तर त्यांनाही लवकर पोचता येतं.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. परत फिरायची वेळ सकाळी गाडीतच, सगळ्यांसमोर ठरवा. "दोन वाजता जिथे असू तिथून मागे." माथा वीस मिनिटांवर दिसत असताना हे सुचत नाही, आणि सुचलं तरी बोलायला कोणी धजत नाही. आधी ठरलेलं असलं की जो थकलाय त्याला "माझ्यामुळे सगळ्यांचं राहिलं" असं वाटत नाही. वेळ झाली, एवढंच.

या रविवारी जाणार असाल तर ग्रुपवर किल्ल्याच्या नावासोबत परतीची वेळही टाका. आणि तुमच्याकडच्या एखाद्या वाटेचा हिशोब मांडून पाठवलात तर पुढच्या भागात वाचू. पुढचा भाग बॅग भरण्यावर आहे: काय न्यायचं आणि मुख्य म्हणजे काय घरीच ठेवायचं. भेटूया!